याकोमिनाच्या गालावरची फुलकिडी

म्हातारी फुलकिडी तुम्ही कधी पाहिली नसेल, मित्रांनो. ती मी. समोर बसले असते तरी तुम्हाला दिसले नसते, कारण आम्ही फुलकिडे म्हणजे पेन्सिल टेकून कागदावर चुकून उठलेली बारीक रेघ. तुमच्याकडे मिरचीची पाने चुरडली-मुरडली की लोक आमच्या नावाने खडे फोडतात. ते माझे दूरचे नातेवाईक. मी गव्हाची. हॉलंडच्या झीलंड प्रांतातल्या एका बेटावर, समुद्राच्या बांधाखालच्या शेतात माझा जन्म झाला. आता माझ्या पंखांची झालर विरली आहे, पाय थकले आहेत, आणि एक गोष्ट मनात अडकून बसली आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला सुखाने मरता येणार नाही.

माझ्या आईने गव्हाचे पान चिरून त्याच्या आत मला ठेवले आणि ती निघून गेली. मी तिला पाहिले नाही. आमच्यात कुणीच आपल्या आईला पाहत नाही, म्हणून तिची आठवणही येत नाही. लहानपणी मी पिवळसर आणि खादाड होते. आम्हाला जबडा एकच असतो, डावीकडचा. उजवीकडचा देवाने द्यायचा राहून गेला. त्या एका जबड्याने पान टोचायचे आणि रस ओढायचा, हेच आमचे काम आणि हीच आमची शाळा. माझी कधी कुणी स्तुती केली नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नाही. पुढे काही दिवस मी अन्नपाणी सोडून गप्प पडून राहिले, आणि उठले तेव्हा मला पंख होते. पंख म्हणजे तरी काय, एक काडी आणि तिच्या दोन्ही कडांना झालर. पण आमच्या भावांना तेवढेही मिळत नाही. ते बिनपंखांचे राहतात आणि जन्मले त्याच शेतात संपतात. मी उडाले त्या दुपारी माझा एक भाऊ पानाच्या टोकापर्यंत माझ्यामागे आला होता. त्याला काही सांगायचे होते की नुसते ऊन खायचे होते, कोण जाणे. मी मागे वळून पाहिले नाही.

तो दिवस उकाड्याचा होता. वारा पडलेला, समुद्रावर ढग काळे झालेले, शेतात कापणीची यंत्रे घरघरत होती. असल्या दिवशी आम्ही हजारोंनी हवेत उठतो आणि मागोमाग वीज कडाडते, म्हणून इथले लोक आम्हाला गडगडाटी किडे म्हणतात. जणू ढग आम्हीच ओढून आणतो! आम्ही लोकांच्या मानेवर बसतो, भुवयांत शिरतो, दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर तीळ सांडल्यासारखे पसरतो.

"डिंगेना, चादरी काढ गं! आले बघ मेले!" कुंपणापलीकडून एक बाई ओरडली. ती पीटरनेल, शेजारची विधवा. तिला हळू बोलता येतच नसे.

डिंगेना म्हणजे त्या घराची मालकीण. ती धावत आली, तिने चादर ओढली, झटकली, आणि त्या झटक्यासरशी मी उघड्या खिडकीतून घरात जाऊन पडले.

आता आमची एक खोड सांगते. अंगाला वरून आणि खालून, दोन्हीकडून काहीतरी टेकले की आम्हाला बरे वाटते. म्हणून आम्ही फटी शोधत हिंडतो. झाडाची साल, भिंतीची चीर, आणि सगळ्यात आवडती जागा म्हणजे तसबिरीची काच. या मुलखात अशी तसबीर विरळाच, जिच्या आत आमच्यापैकी कुणी नाही. म्हणूनच सुगी आटोपली की इथे घरोघरी तसबिरी उतरवतात, मागचे खिळे काढतात, मेलेले किडे झटकतात आणि काच पुसून पुन्हा टांगतात. मी शिरले ती तसबीर मात्र वर्षानुवर्षे कुणी उघडली नव्हती.

तिच्यात एका पाचेक वर्षांच्या मुलीचा काळापांढरा फोटो होता. कानाच्या पाळीपर्यंत कापलेले केस, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तिने दोन्ही हातांत एक भलेमोठे साखरेचे बीट पाल्यासकट धरले होते, आणि ती इतकी हसत होती की डोळे बारीक झाले होते. मी खालच्या कडेने आत शिरले. तिथे मीठ साठलेले होते. थोडे वर सरकले आणि माझ्या लक्षात आले की फोटो काचेला चिकटला आहे. झगा, बूट, बीट सुटे होते. पण केस, कपाळ, डोळे आणि ते हसणारे तोंड काचेशी एकजीव झाले होते. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसत नाही. मी मात्र पोटावर सरपटत वाट शोधत होते आणि जिकडे जावे तिकडे वाट बंद. शेवटी तिच्या डाव्या डोळ्याखाली, गालावर, एक फुगवटा सापडला. नखाएवढीच जागा, पण तिथे कागद सुटा होता. वरून काच, खालून तिचा गाल. मी तिथे अंग टाकले आणि हिवाळ्याच्या तयारीला लागले.

बाहेरून ते कसे दिसत असेल, याचा विचार मी केला नाही.

डिंगेनाच्या घरी सकाळी कॉफी व्हायची. प्रत्येकाला एक बिस्किट, आणि लगेच डब्याचे झाकण बंद. पीटरनेल ते झाकण बंद होताना रोज उसासा टाकायची.

"सगळ्या गावाच्या तसबिरी पुसून झाल्या," ती एकदा म्हणाली. "तुमच्याकडे मात्र किड्यांचं संग्रहालयच आहे."

"ह्याला सांग," डिंगेनाने नवऱ्याकडे मान उडवली. "दर वर्षी म्हणतो, बीट निघू दे, मग बघू. बीट निघतं, वर्ष निघतं, हा काही खुर्चीतून निघत नाही."

तिचा नवरा मारिनस खिडकीशी बसला होता. आयुष्यभर त्याने बांधाची डागडुजी आणि चर काढण्याचे काम केले होते. "राहू दे," तो म्हणाला.

"अरे, एवढा समुद्र अडवलास, चार खिळे काढता येत नाहीत?"

"राहू दे म्हटलं ना." त्याने कप ठेवला आणि तो लाकडी बूट घालून बाहेर गेला.

"आळशी!" डिंगेना म्हणाली.

तो आळशी नव्हता, मित्रांनो. घरात कुणी नसताना तो तसबीर उतरवून खिडकीपाशी न्यायचा आणि तिरकी धरून काचेवर प्रकाश पाडून बघायचा. चिकटलेली जागा अशी बघितली की वेगळी चमकते. मग तो अंगठ्याने काचेवरून तिचे कपाळ चोळायचा. एकदा त्याने फोटोचा वरचा एक कोपरा सोडवून पाहिला होता. कोपऱ्यातले आभाळ काचेवर राहिले आणि हातात कोरा कागद आला. तो कोपरा त्याने लाकडाच्या कडेखाली दडवला. बायकोला काही सांगितले नाही. पाणी ओसरल्यावर चिखलातून ही तसबीर त्याने उपसून आणली, तेव्हा डिंगेनाने एकच प्रश्न विचारला होता, फोटो तरी धड आहे ना? तो हो म्हणाला होता. त्यानंतर तिला आणखी एक वाईट बातमी द्यायची हिंमत त्याला कधी झाली नाही.

ते पाणी म्हणजे एकोणीसशे त्रेपन्न सालचे. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी बांध फुटला आणि समुद्र झोपलेल्या घरांत शिरला. मी ते पाहिलेले नाही, आमच्या कितीतरी पिढ्यांपूर्वीची गोष्ट. पण दर वर्षी त्या तारखेला या घरात मेणबत्ती लागते आणि पीटरनेल येऊन बसते, आणि तिघे मिळून ती रात्र पुन्हा बोलतात, म्हणून मला कळले. मारिनसच्या एका हातात मुलगी होती आणि दुसऱ्या हातात छपराचे लाकूड. लाट ओसरली तेव्हा लाकूड हातात होते. मुलीचे नाव याकोमिना. घरात तिला मिन म्हणत. बीट काढणीच्या वेळी कुणी फिरता फोटोवाला आला होता, त्याने काढलेला तेवढा एक फोटो.

वर्षभराने डिंगेनाला दुसरी मुलगी झाली. इथली रीत अशी की मूल गेले तर त्याचे नाव पुढच्या मुलाला द्यायचे, म्हणजे मुलीला दिलेले आजीचे नाव घरातून जात नाही. म्हणून तिचेही नाव याकोमिना ठेवले. नाव ठेवले खरे, पण डिंगेनाच्या तोंडून ते दुसऱ्यांदा निघेना. ती मुलीला 'धाकटी' म्हणू लागली. धाकटी सव्वीस वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली. तिचे फोटो पुष्कळ होते, पण ते सगळे कपाटात, बिस्किटाच्या जुन्या डब्यात. भिंतीवर एकच.

ही धाकटी शहरात सायकली दुरुस्त करायची आणि दर शनिवारी बसने घरी यायची. ती आली की घरात जरा आवाज व्हायचा. आल्या आल्या ती काहीतरी मोडके हुडकायचीच, नळ, कुलूप, पीटरनेलच्या दाराची बिजागरी.

"हात बघ या मुलीचे," पीटरनेल म्हणायची, "नुसतं ग्रीस. कोण लग्न करणार हिच्याशी?"

"ज्याची सायकल पंक्चर होईल तो, काकू."

"तो पंक्चर काढून घेईल आणि पळेल."

"मग काकू, त्याचं दुसरं चाकही मीच पंक्चर करीन."

पीटरनेल पोट धरून हसायची. डिंगेना स्वेटर विणत बसायची. धाकटी हसता हसता आईकडे एकदा बघून घ्यायची, आणि आईचे डोळे विणकामावरून उठले की सरळ माझ्या दिशेने, भिंतीवर यायचे. हे मी हिवाळाभर पाहिले. पोर दर शनिवारी आईसमोर काहीतरी दुरुस्त करायची आणि आईला ते दिसायचे नाही.

पीटरनेलला जुन्या गोष्टी उकरायची सवय. "आठवतं का गं धाकटे, सात वर्षांची असताना खुर्चीवर चढून तू हा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होतास? आणि तुझ्या आईनं काय थोबाडीत दिली होती!"

"आठवतं," धाकटी म्हणाली. ती त्या वेळी हसली, पण डिंगेना हसली नाही.

फेब्रुवारीची पहिली तारीख त्या वर्षी रविवारी आली, म्हणून धाकटी घरीच राहिली होती. मेणबत्ती लावून झाली. डिंगेना तसबिरीसमोर गेली, चष्मा वर केला, डोळे काचेला लावले.

"हिच्या डोळ्याखाली बघ," ती म्हणाली. "किडा मेला तिथेच मेलाय. रडल्यासारखी दिसते. माझी मिन कधी रडायची नाही. पडली तरी हसायची. मला बघवत नाही गं."

मी मेले नव्हते, नुसती गारठले होते. पण सांगणार कसे?

"काढून टाकू या ना, आई," धाकटी म्हणाली.

"बापाला सांग तुझ्या."

"बाबा?"

"राहू दे," मारिनस म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे पाहिले, मग आईच्या पाठीकडे.  मला काचेतून तिचा चेहरा समोर दिसत होता, आणि तिने मनाशी काहीतरी ठरवले हे मला कळले.

एप्रिलमध्ये उन्हाला जोर आला आणि गावात मोठी सफाई सुरू झाली. या दिवसांत इथली घरे आतून बाहेर उलटी होतात. गाद्या कुंपणावर, सतरंज्या दोरीवर, बायका हातात बडगे घेऊन त्यांना झोडपतात, आणि कुणाच्या घरात किती धूळ निघाली याची चर्चा आठवडाभर पुरते. अशाच एका दिवशीची गोष्ट, दुसऱ्या दिवशी डिंगेनाचा साठावा वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडायच्या होत्या, इथल्या रीतीप्रमाणे सगळे गाव येऊन तिचे, नवऱ्याचे, मुलीचे अभिनंदन करणार होते. धाकटी मदतीला आली होती. दुपारी डिंगेना आणि पीटरनेल केक आणायला गेल्या. मारिनस शेतावर चर साफ करत होता.

दार लागल्याबरोबर धाकटीने तसबीर उतरवली.

"चल गं ताई," ती म्हणाली.

ती फोटोतल्या त्या पोरीला ताई म्हणायची, हे मला तेव्हा कळले. स्वतः सव्वीस वर्षांची बाई, आणि पाच वर्षांच्या पोरीला ताई! तिने टेबलावर टॉवेल पसरला, तसबीर पालथी घातली, खिशातून आपली छोटी पक्कड काढली आणि एकेक खिळा उपटून बशीत ठेवू लागली. हात इतका हलका की मला हादरासुद्धा बसला नाही. काम करता करता ती बोलत होती.

"तेव्हा मी तुला भिंतीकडे वळवलं होतं ना, त्याचा राग धरू नकोस. मी लहान होते. मला वाटायचं, तू नसशील तर ती माझ्याकडे बघेल. किती बावळट! आता तुझा तो किडा काढते. उद्या आईनं बघितलं की तू हसत असशील. तिला बरं वाटेल. तिला एकदा बरं वाटू दे गं, मग माझ्या वाट्याला काय यायचं ते येईल."

हे तिचे शब्द आहेत. मी काचेला कान लावून ऐकले. ते ऐकणारी जगात मी एकटी आहे, म्हणूनच मला अजून मरण आलेले नाही.

तिने मागचा पुठ्ठा काढला. फोटोची पाठ दिसली. तिने कडेला बोट घालून उचलायला सुरुवात केली आणि फोटो अडला.

"चिकटलंय की," ती स्वतःशी म्हणाली. तिला वाटले, दमटपणा. तिने पंक्चरचे रबर कापायचा पातळ सुरा आत सारला आणि कागद कुठे फाटू नये म्हणून श्वास रोखून, तीळ तीळ पुढे सरकत, तो सोडवत आणला. मी जिवाच्या आकांताने तिच्या अंगठ्यावर चढले, तिथून बाहीच्या कडेवर. फोटो अख्खा निघाला. कुठेही फाटला नाही. ती खूश झाली. तो तिने जसा होता तसाच, पालथा, टॉवेलवर ठेवला.

हातात काच राहिली. काचेवर मेलेल्या माझ्या बहिणी होत्या आणि तपकिरी रंगाचा एक पातळ पापुद्रा होता. "इतक्या वर्षांचा मळ!" ती म्हणाली.

मित्रांनो, तो मळ नव्हता. बाहीच्या कडेवरून मला दिसत होते. त्या पापुद्र्यात, उलट्या बाजूने, मिनचे कपाळ होते, बारीक झालेले डोळे होते, अर्ध्या दाताचे हसू होते. सगळी मिन काचेवर उतरली होती. मी ओरडले. पण आम्हाला आवाज नसतो. देवाने आम्हाला एक जबडा दिला आणि आवाज मुळीच दिला नाही.

सफाईची बादली शेजारीच होती, सोडा घातलेले गरम पाणी. इथल्या कुठल्याही लेकीने केले असते तेच तिने केले. काच पाण्यात बुडवली आणि ब्रशने घासली. पाणी चहासारखे झाले. काच अशी निघाली की खिडकीशी धरल्यावर तिच्यातून बांध, रस्ता, बसचा थांबा सगळे लख्ख दिसले. काच कोरडी करून ती वळली आणि तिने फोटो उताणा केला.

झगा होता. बूट होते. दोन हात होते आणि हातांत बीट होते. मानेच्या वर पांढरा, लव आलेला कागद होता. फक्त एका जागी नखाएवढा करडा ठिपका शिल्लक होता. मी जिथे हिवाळा काढला तो गाल. तेवढाच काचेला चिकटलेला नव्हता.

 धाकटीने दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले आणि ती पाण्यात शोधू लागली. ओंजळ भरायची, बघायची, सोडायची. पुन्हा भरायची. मी तिच्या ओल्या बाहीवरून टेबलावर पडले. ती जमिनीवर बसली तरी तिचा हात बादलीतच होता.

बाहेर हसण्याचा आवाज आला. पीटरनेल म्हणत होती, "साठीची झालीस, आता तरी दोन बिस्किटं देत जा!" आणि दार उघडले.

डिंगेनाने रिकामी चौकट पाहिली, टेबलावरचा कागद पाहिला, बादली पाहिली. केकचा खोका तिने नीट खुर्चीवर ठेवला. मला आठवते, ती तो नीट ठेवायला विसरली नाही.

"आई," धाकटी म्हणाली, "आई, तूच म्हणालीस ना, बघवत नाही म्हणून. मला वाटलं, तुझ्या वाढदिवसाला…"

"तू हे मुद्दाम केलंस."

"डिंगेना!" पीटरनेल म्हणाली. "अगं काय बोलतेस, पोर आहे तुझी!"

"हिला ती कधीच नको होती. तेव्हा भिंतीकडे वळवली, आज धुऊन टाकली." डिंगेनाचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होते. "एकदा तिला पाण्यानं नेलं. ते परवडलं. पाण्याला ती कोण हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

धाकटीने बादलीतला हात बाहेर काढला. टॉवेलवर वाकून ती जे बोलली होती ते तिने आत्ता बोलायला हवे होते. पण असले बोलणे माणसांना एकटे असतानाच जमते.

मारिनस दाराशी आला, लाकडी बूट काढून आत आला. त्याला काहीच सांगावे लागले नाही. तो भिंतीला टेकला.

"चिकटलेला होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"तू विचारलं होतंस, धड आहे ना म्हणून."

डिंगेनाने त्याच्याकडे पाहिले. मला वाटले, आता राग तिकडे वळेल, लेक सुटेल. पण राग वळला नाही. इतक्या वर्षांचे दुःख होते, त्याला समोर पहिले सापडेल ते माणूस हवे होते, आणि ते सापडले होते.

धाकटीने पक्कड खिशात घातली, बशीतले खिळे झाकून ठेवले, बादली उचलून बाहेर नेली. ती ओतायला मात्र तिच्याने झाले नाही. तशीच अंगणात ठेवून दिली. मारिनस फाटकापर्यंत गेला.

"शनिवारी ये," तो म्हणाला.

"बघू, बाबा."

खिडकीतून बसचा थांबा सरळ दिसतो. या मुलखात खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. ती बांधावर जाऊन उभी राहिली, घराकडे तोंड करून.

मी टेबलावर होते. सवयीने फटीकडे निघाले, पण आता फट कुठली? मग मी कागदावर चढले, त्या पांढऱ्या जागेतून चालत चालत गालाच्या ठिपक्यावर जाऊन बसले. मला दुसरे घर ठाऊक नव्हते.

"मेल्या, तुझ्यापायी हे सगळं!" पीटरनेलने अंगठा उगारला.

"हात लावू नकोस!" डिंगेना ओरडली. तिने आपल्या बोटाचे नख माझ्यासमोर टेकवले आणि मी वर चढेपर्यंत ती थांबली. मग नख डोळ्यांजवळ नेले. एवढ्या जवळून मी माणसाचा डोळा कधी पाहिला नव्हता. तो काठोकाठ भरलेला होता.

"हिवाळाभर तिच्या गालापाशी होतीस ना गं तू?" ती मला म्हणाली. "मऊ होता ना?"

तिने खिडकी उघडली. बोट बाहेर काढले. आणि माझ्यावर इतकी हळू फुंकर घातली की तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर घालावी. जन्मात मला कुणी असे जपले नव्हते. पण मला ते नको होते, मित्रांनो! त्या फुंकरीच्या सरळ रेषेत, शंभर पावलांवर, तिची लेक उभी होती आणि खिडकीकडे बघत होती. मी पंख मिटून नखाला घट्ट धरून बसले. माझ्याकडे नको, समोर बघ, समोर बघ, अजून बस आलेली नाही, असे मी मनात म्हणत राहिले. डिंगेना माझ्याकडेच बघत राहिली. मग बस आली, आणि मी उडाले.

बांधाखालच्या गव्हात मी उतरले. तिथेच पाने चिरून मी माझी अंडी ठेवली. माझ्या लेकी मला ओळखणार नाहीत, त्याचे मला काही वाटत नाही, आमचे तसेच असते. पण माणसांचे तसे नसते. गेलेल्याची तसबीर जपावी, जरूर जपावी. तिच्यात काय चिकटले आहे हे ज्याला माहीत आहे त्याने वेळेवर तोंड उघडावे. आणि जपता जपता अधूनमधून मान वळवून घरात आणखी कोण बसले आहे ते बघावे. मी कीड आहे, मला कुणी उपदेश विचारत नाही. तरी सांगते.

तो शनिवार आला, बस आली, धाकटी आली नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्याही पुढच्या नाही. आता गव्हाला ओंब्या धरल्या आहेत. दर शनिवारी डिंगेना बांधावर येऊन थांब्याशी उभी राहते. मी खाली पानावर असते, मला तिचे बूट दिसतात. परवा बस थांबली, कुणी उतरले नाही, आणि डिंगेना दाराच्या आत बघून हळूच म्हणाली, "याकोमिना?" मोठ्याने नाही, म्हणून बघावे तसे. ड्रायव्हर म्हणाला, "रिकामीच आहे, काकू."

बस इथवरच येते, बांधाला वळसा घालते आणि परत शहराला जाते. दर खेपेला ती डिंगेनासमोर दार उघडून उभी राहते, आणि डिंगेना कोण उतरते ते बघत खाली उभी असते. मित्रांनो, मला आवाज नाही आणि आता दिवसही फार उरले नाहीत. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर त्या बाईला तेवढे सांगा, की या बसमध्ये चढताही येते.